भामाकाठचा लोखंडी क्रूस

चाकणला लोक कांदे आणायला जातात. मी गेलो तो एका माणसाचं खोटं पकडायला. हे आधीच कबूल करून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याविषयी फार चांगलं मत करून घेणार नाही.

पुण्यातल्या एका शाळेत मी इतिहास शिकवतो. मागच्या दिवाळीत एका मासिकात युरोपातल्या शौर्यपदकांवर मी चार पानी लेख लिहिला. माझ्या माहितीप्रमाणे तो दोघांनी वाचला. एक माझा मेहुणा आणि दुसरे चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या काठी राहणारे एक पाटील, महिपतराव. मेहुण्याने काही कळवलं नाही. पाटलांनी पत्र पाठवलं.

पत्रात लिहिलं होतं की, आमचे गावी धोंडिबा म्हणून पलटणीतून परत आलेले नाईक आहेत. त्यांचेपाशी एक पदक असून ते विलायतेच्या राजाने स्वहस्ते छातीवर लावले असे ते सांगतात. त्या पदकामुळे दर वर्षी सव्वीस जानेवारीस झेंडा त्यांचेच हस्ते लागतो. आमचे मनात काही किंतु नाही, तथापि आपणासारख्या जाणत्याने समक्ष येऊन चारचौघांत खुलासा करावा. 'किंतु नाही' या शब्दांखाली पाटलांनी दोनदा रेघ ओढली होती.

सोबत एक कागद होता. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तसा त्या पदकाचा ठसा घेतलेला. पदक चिंचेने घासून लख्ख करून देतो म्हणून पाटलांनी ते मागून नेलं होतं, हे मला पुढे कळलं. कागदावर चार रुंद बाहूंचा एक क्रूस उमटला होता. मध्यभागी तिरकं स्वस्तिक आणि खालच्या बाहूवर १९३९.

मला हसू आवरेना. विलायतेच्या राजाने हे पदक कुणाला दिलं असतं, तर त्याच्याच प्रधानाने त्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवला असता. तो जर्मनांचा लोखंडी क्रूस होता. शत्रूचं पदक.

मी मुख्याध्यापकांना सांगितलं, की खेड्यात प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमाला मला बोलावलं आहे, शनिवारची रजा हवी. यातला प्रत्येक शब्द खरा होता. मुख्याध्यापकांना माझं कौतुक वाटलं.

पिंपरी, शनिवार सकाळ

चाकणच्या आधी मी पिंपरीला उतरलो, कारण तिथे माझे एक जर्मन ओळखीचे राहतात. त्यांचं नाव वेबर. पिंपरीच्या माळावर एका नव्या कारखान्याची यंत्रं बसवायला ते दीड वर्षापूर्वी आले. मी संध्याकाळच्या वर्गात दोन वर्षं जर्मन शिकलो होतो आणि ते कुणावर तरी वापरून बघायचं होतं, अशी आमची ओळख झाली. चाळिशीचा उंच माणूस, उन्हाने गाजरासारखा लाल झालेला, डाव्या हाताची दोन बोटं युद्धात गेलेली. मराठी त्यांना चार-पाच शब्दच येतात, पण नेमके. 'बघू' म्हणजे नाही आणि 'होऊन जाईल' म्हणजे कधीच होणार नाही, हे त्यांनी कारखान्यावर पहिल्या महिन्यात ओळखलं.

त्यांनी मला कॅम्पात नाश्त्याला नेलं. सिंधी निर्वासितांच्या बराकींसमोर आता दुकानांची रांग उभी राहिली आहे. एका बाकड्यावर बसून आम्ही दाल-पकवान खाल्लं. आमच्याकडे न्याहारीला मऊ पोहे असतात. हे पकवान मोडताना फरशी फुटल्यासारखा आवाज येतो. मालक स्वतः वाढत होते. दुसरी थाळी आम्ही नको म्हणत असतानाच त्यांनी आणून ठेवली. पुण्यात हे होणं अवघड आहे.

मी खिशातून कागद काढून वेबरांपुढे ठेवला. त्यांनी हात पुसले, कागद उजेडात धरला.

"आयझर्नेस क्रॉयत्स, लोखंडी क्रूस," ते म्हणाले. "वर कडी नाही. म्हणजे फितीला लटकवायचा नाही, मागे पिन असलेला. पहिला वर्ग."

"तुम्हाला होता का?"

"दुसरा वर्ग. आधी दुसरा मिळतो, मग पहिला. लाखांनी वाटले हो. आमच्या तुकडीत आचारी तेवढा राहिला होता, शेवटी त्यालाही दिला."

"मग तुमचा आहे कुठे?"

"एका अमेरिकन शिपायाला दिला. सिगारेटचं पाकीट घेऊन." त्यांनी पकवानाचा तुकडा मोडला. "सिगारेट मात्र चांगल्या होत्या."

मी त्यांना नाईकांची गोष्ट सांगितली. विलायतेच्या राजाचं नाव आल्यावर ते एवढे हसले, की शेजारच्या बाकड्यावरची माणसं वळून बघायला लागली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "पहिला वर्ग शिपाई अंगावर घालूनच फिरायचा. म्हणजे हा कुणाच्या तरी छातीवरून आला आहे. मी येतो तुमच्याबरोबर."

मी जरा कचरलो. खोटं पकडायला जाताना पुरावा बरोबर असावा हे खरं, पण पुरावा सहा फूट उंच आणि लाल असू नये. वेबर मात्र उठून जीप सांगायला गेलेसुद्धा.

चाकण, शनिवार दुपार

जीपने आम्हाला भोसरीला नाशिकच्या रस्त्यावर सोडलं आणि तिथून एस.टी. मिळाली. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की वेबर मांडी घालू शकत नाहीत आणि एस.टी.तल्या शेळीला त्यांची गवती हॅट आवडली. चाकणला उतरलो तेव्हा हॅटला एका बाजूने कड नव्हती. शेळीच्या मालकिणीने "लई ग्वाड जनावर हाय" एवढंच सांगितलं आणि ती तिला घेऊन निघून गेली.

पाटलांची बैलगाडी यायला अवकाश होता. तेवढ्यात मी वेबरांना भुईकोट दाखवला. तट ढासळले आहेत, खंदकात बाभळी माजल्या आहेत, पण बुरूज अजून छाती काढून उभे आहेत. मुघलांच्या प्रचंड फौजेला या एवढ्याशा किल्ल्याने छप्पन्न दिवस झुंजवलं, हे मी वर्गात सांगतो त्याच आवाजात सांगितलं.

वेबरांनी बोटांनी चुन्याचा दर्जा पाहिला. "शेवटी जिंकलं कोण?"

"मुघल."

"मग तुम्ही हे इतक्या अभिमानाने का सांगता?"

"छप्पन्न दिवस लागले म्हणून."

ते खंदकाकडे वळले. "हा हिशेब आम्हा जर्मनांनी शिकायला हवा," म्हणाले. "आम्हाला फार उपयोगी पडेल."

दिवेलागणीला गावात पोचलो. महिपतराव पाटील साठीचे, ठेंगणे, पागोटं चापून बसवलेले, बोलणं तुपासारखं. गोऱ्या साहेबाला पाहून ते आधी दचकले आणि मग, हा जर्मन आहे असं कळल्यावर, इतके खूश झाले की त्यांनी स्वतः पाट मांडले. त्यांना एक साक्षीदार हवा होता, दोन मिळाले होते.

जेवायला मासवडी होती. आमच्या सदाशिव पेठेत हा पदार्थ नाही. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, कांदा, लसूण असं सारण भरून वळकटी करतात आणि काप पाडतात. काप दिसतो माशाच्या तुकडीसारखा आणि बरोबर लालभडक रस्सा. वेबरांनी पहिला काप बोटांनी उकलून काळजीपूर्वक काटे शोधले. मासा नाही असं सांगितल्यावर विचारलं, "मग नाव मासवडी का?" पाटील म्हणाले, "दिसती माशावानी." वेबरांनी रश्शाचा भुरका मारला. त्यानंतर ते बराच वेळ काही विचारू शकले नाहीत.

जेवण झाल्यावर पाटील माझ्याजवळ सरकले. "मास्तर, ठसा बघितला न्हवं? काय निघतंय?"

"उद्या सांगतो," मी म्हटलं. मला त्या क्षणी स्वतःचं फार महत्त्व वाटत होतं.

"मी कुणाच्या वाईटावर न्हाई," पाटील म्हणाले. "पन बारा वर्सं हा मानूस छाती फुगवून फिरतुया. आमच्या वाड्यावरनं जाताना जरा जास्तच."

गाव, रविवार, २६ जानेवारी

सकाळी आम्ही तोंड धूत होतो तेव्हा एक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नाईकांच्या पत्नी, सोनाबाई. "पावनं आमच्या पदकासाठी आल्यात म्हनं. मंग च्या आमच्याकडं घ्यायचा," असं पाटलांदेखत सांगून त्या चालायला लागल्या. आम्ही मागे गेलो. पाटलांना हे आवडलं नाही.

नाईकांचं घर दोन खणांचं, शेणाने सारवलेलं. धोंडिबा नाईक ओसरीवर मिशीला पाणी लावत बसले होते. पंचेचाळिशीचे असतील. खाकी कोट काढून ठेवलेला, त्याला चुण्या नाहीत. वेबरांना पाहताच ते ताडकन उभे राहिले. मग हळूहळू खाली बसले.

"जर्मन?" त्यांनी मला विचारलं.

"होय."

"वाटलंच. हुबं ऱ्हान्याची तऱ्हा तीच."

पदक देव्हाऱ्यात होतं. खंडोबाच्या टाकाशेजारी पाटावर ठेवलेलं, आणि मधल्या स्वस्तिकावर हळदीकुंकू वाहिलेलं. वेबर वाकून बघत राहिले. त्यांच्या देशात त्या खुणेपायी काय काय झालं ते त्यांना माहीत होतं आणि इथे तिच्यावर शेवंतीचं फूल होतं. त्यांनी मला हळूच विचारलं, "यांना सांगायचं का?" मी म्हटलं, "बघू." त्यांना अर्थ कळला.

सोनाबाईंनी चहा दिला. "मास्तर, राजानं लोखंडाचं कशापायी दिलं वो? राजाकडं सोन्याला काय तोटा?"

हा प्रश्न मात्र अगदी बरोबर होता, आणि इतिहासाच्या मास्तरला बरोबर प्रश्न विचारला की तो थांबत नाही. मी सांगितलं, की दीडशे वर्षांमागे प्रशिया नावाच्या राज्यावर फ्रेंच बादशहाचं संकट आलं. तिजोरीत काही उरलं नव्हतं. तेव्हा बायकांनी लढाईसाठी अंगावरचं सोनं दिलं आणि त्याच्या बदल्यात लोखंडाच्या अंगठ्या घेतल्या. त्याच वर्षी, अठराशे तेरात, राजाने हे पदक काढलं, तेही लोखंडाचंच. सरदाराला आणि साध्या शिपायाला एकच.

"सोनं दिऊन लोखंड घेतलं?" सोनाबाईंचा हात गळ्याकडे गेला. "आन बोटात घातलं? आमच्यात लोखंड घालत्यात ते शनीसाठी."

"आणि राजाने पदकाची तारीख कोणती धरली माहीत आहे? त्याची राणी तीन वर्षांपूर्वी वारली होती. तिच्या जन्माचा दिवस धरला."

हे त्यांना फार आवडलं. त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत का? बायकुच्या जन्माचा दीस." नाईक चहात बघत होते. त्यांना ही गोष्ट कुठे चालली आहे ते कळलं होतं.

आम्ही निघालो तेव्हा ते माझ्याबरोबर अंगणापर्यंत आले. "मास्तर, तुमाला समदं ठावं हाय न्हवं?"

"होय."

"मंग बोला काय ते खरं." त्यांनी विनवणी केली नाही, की कारण सांगितलं नाही. कोट अंगात घातला, पदक पदराने पुसून सोनाबाईंनी ते छातीवर लावलं, आणि ते पुढे चालायला लागले. खोटं पकडायला फार मजा येते, पण ते बोलणाऱ्याच्या घरचा चहा आधी घेऊ नये.

झेंड्याचा खांब मारुतीच्या देवळापुढे. सगळं गाव जमलं होतं. बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला. नाईक दोरीपाशी जाऊन उभे राहिले तेवढ्यात महिपतराव पुढे झाले. "झेंडा लागायच्या आधी पुन्याचे मास्तर पदकाची माहिती सांगत्याल. समद्यांनी ध्यान दिऊन ऐकायचं."

वाटेतच मी एक युक्ती योजली होती. चाळीस मिनिटं न थांबता इतिहास सांगितला की माझा कुठलाही वर्ग झोपी जातो आणि प्रश्न विचारायला कुणी उरत नाही. तेच इथे करायचं. मी अठराशे तेरापासून सुरुवात केली. पण गाव झोपेना. सोन्याच्या बदल्यात लोखंड घेतल्याचं सांगितलं तेव्हा बायकांनी हळहळ केली. दर नव्या लढाईला जुनंच पदक खालचं साल बदलून काढतात, अठराशे सत्तरात काढलं, एकोणीसशे चौदात काढलं, हे त्यांना काटकसरीचं वाटलं. गेल्याच वर्षी तिकडच्या सरकारने कायदा केला, की हे पदक लावायचं तर मधलं स्वस्तिक काढून तिथे ओकची पानं घालायची, असं मी सांगितल्यावर मात्र कुजबुज झाली. "स्वस्तिक काढायचं?" एक म्हातारबा म्हणाले. "मंग बरं कसं हुईल त्यांचं?" मी ते वेबरांना सांगितलं. वेबर म्हणाले, त्यांना सांगा, ते होतं तेव्हा फारच वाईट झालं.

आणि मग पाटलांनी मला गाठलंच. "मास्तर, हे तिकडचं सरकार, तिकडचं सरकार म्हंजे कुटलं?"

"जर्मनीचं."

"आन विलायतेच्या राजाचा ह्यात काय संबंध?"

आता पळायला जागा नव्हती. "काही नाही," मी म्हटलं. "हे जर्मन पदक आहे. शत्रूच्या बाजूचं."

पाटील हात मागे बांधून उभे राहिले, आणि तसं उभं राहणं त्यांना फार दिवसांनी मिळालं होतं. बायकांतून सोनाबाई उठल्या आणि नवऱ्याकडे बघत तशाच उभ्या राहिल्या.

नाईकांनी दोरी सोडली.

"मास्तर खरं बोलत्यात," ते म्हणाले. "आता माझं ऐका. इटलीत एक नदी हाय. पावसानं फुगल्याली. आमी पल्याड गेलो व्हतो गस्तीला, आन पाटं माघारी फिरायचा हुकूम आला. वरनं गोळ्या चालल्या व्हत्या. काठाच्या लव्हाळ्यात एका गड्यानं माझा पाय धरला. जर्मन. मांडी फुटल्याली. म्या रायफल उचलली. तर तो म्हनतोय, वासर, वासर."

"वासर?" कुणीतरी विचारलं.

"व्हय. म्या म्हटलं, ह्या गड्याला मरताना वासरू आठवतंय. घरी गाय येल्याली असंल. म्हंजे हा आपल्यातलाच, शेतकरी. मंग काय करनार? घेतला पाठीवर. दोन हातानं त्याला धरायचा तर रायफल कशी धरनार? ती दिली सोडून."

मी हे वेबरांना सांगत होतो. 'वासर'पाशी त्यांनी माझा दंड धरला. "पाणी," ते म्हणाले. "वासर म्हणजे पाणी. तो पाणी मागत होता."

मी ते मोठ्याने सांगितलं. नाईक माझ्याकडे बघतच राहिले. "पानी? आरं तिच्या. आन म्या त्याला आख्ख्या नदीतनं न्हेलं, आन घोट पाजला न्हाई."

"त्याच्या नाकातोंडात गेलंच असेल," वेबर म्हणाले. हे मी भाषांतर करून सांगितलं, आणि गाव हसलं. नाईकही हसले. पाटील तेवढे हसले नाहीत.

"अल्याड आनून टाकला," नाईक पुढे बोलायला लागले, "तवा त्यानं कोटावरनं हे काडलं आन माझ्या हातात दाबलं. काय तरी बोलला. फेरडीन्ट, असं. दोनदा बोलला. मला वाटलं शिवी दितोय. मंग आमच्या सायबानं इचारलं, रायफल कुठं? म्या म्हटलं, नदीत. मला नाईकाचा शिपाई केला. सा म्हैन्यांनी नाईकाची फीत परत दिली."

"फेरडीन्ट," वेबर म्हणाले. त्यांनी मला सांगायची वाट बघितली नाही, शब्द शोधत, मोडक्या मराठीत, नाईकांकडे बोट करून ते म्हणाले, "तू... कमावला."

एक एक माणूस ते शेजारच्याला सांगायला लागला. पाटील पुढे आले. "हे समदं आज सांगतूयास. मंग बारा वर्सं राजाचं नाव का लावलं?"

"पाटील," नाईक शांतपणे म्हणाले, "पलटणीतनं आलो त्या दिशी ह्याच पारावर बसून म्या असंच्या असं सांगितलं व्हतं. तुमीच म्हनला, दुश्मन कशाला पदक दील, कुठल्या तरी मढ्याच्या अंगावरनं काडलं असशील. समदी हसली. दुसऱ्या दिशी म्हटलं, राजानं दिलं. समद्यांनी माना हालवल्या. मंग म्याबी म्हटलं, जाऊ द्या."

पारावर बसणारी चार-पाच जुनी माणसं आपापल्या चपलांकडे बघायला लागली. त्यांना आठवत होतं. पाटलांनाही आठवत होतं. त्यांनी पागोटं काढलं, झटकलं आणि पुन्हा डोक्यावर ठेवलं. मग दोरी उचलून नाईकांच्या हातात दिली. "लावा," एवढंच म्हणाले.

झेंडा वर गेला. दोरी मध्ये एकदा अडकली, ती पाटलांनीच सोडवली. वेबर टाचा जुळवून उभे राहिले होते. नंतर मला म्हणाले, "हा माणूस माझ्यापेक्षा एक वर्ग वर आहे. शिवाय दुसरा वर्ग न घेता थेट पहिल्यात बसला. आमच्याकडे हे चाललं नसतं."

गूळ-शेंगदाणे वाटून झाल्यावर देवळात बैठक बसली. शेजारच्या गावात एक हवालदार आहे आणि त्याच्याकडे दोन पदकं आहेत. तेव्हा गावात खरी हकीकत धरायची, पण वेशीबाहेर राजाचंच नाव चालू ठेवायचं, असं एकमताने ठरलं. ही सूचना महिपतरावांची होती. म्हणून मी गावाचं नाव इथे लिहीत नाही.

सोनाबाई दुपारपर्यंत नवऱ्याशी बोलल्या नाहीत. राजा खोटा निघाला याचं त्यांना फारसं वाटलं नव्हतं. आपल्यालाही खरं सांगितलं नाही, हे लागलं होतं. आम्ही निघताना त्या वेबरांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "त्या मानसाचं पुढं काय झालं? जगला का न्हाई?"

मी विचारलं. वेबर म्हणाले, नाव नसताना कसं शोधणार, जर्मनी मोठी आहे.

"तुमच्या गावात इचारा की," सोनाबाई म्हणाल्या.

वेबरांनी मान डोलावली. त्यांनी 'बघू' म्हटलं नाही, हे मी लक्षात ठेवलं.

पुन्हा गाव, वैशाखात

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी परत गेलो. या वेळी कुणाला पकडायला नव्हे. वेबरांनी त्यांच्याकडच्या एका जुन्या शिपायांच्या मासिकात चार ओळी छापवल्या होत्या, की इटलीत पुराच्या नदीतून एका हिंदी शिपायाने पाठीवर नेलेला जखमी कोण? त्याला पाच उत्तरं आली. पाचही जणांनी तो मीच म्हणून कळवलं. वेबर रजेवर घरी गेले होते. जाताना त्यांनी पत्रं माझ्याकडे दिली, आणि ती मी ओसरीवर बसून नाईकांना आणि सोनाबाईंना मराठीत वाचून दाखवली.

पहिल्याने लिहिलं होतं, की तो शिपाई सात फूट उंच होता. दुसऱ्याने लिहिलं, तो पोहत असताना गाणं म्हणत होता. तिसऱ्याने पाठीवरून स्वतः तीन गोळ्या झाडल्याचं लिहिलं होतं. चौथ्याची नदी वेगळीच होती. पाचवा जरा बरा होता. त्याने मांडीची जखम बरोबर लिहिली होती, आणि नदी ओलांडताना आपण एकदाही हूं की चूं केलं नाही असं लिहिलं होतं.

"हाच," सोनाबाई म्हणाल्या. "मांडी बरुबर हाय."

नाईकांनी मान हलवली. "हा न्हवं. तो गडी अल्याड येस्तवर आईला हाका मारून रडत व्हता. कानात भरून ऱ्हायलंय माझ्या."

मी पत्रं गोळा करायला लागलो. पाचही बाद झाली, असं मी मनात धरलं होतं. तेवढ्यात नाईकांनी पाचवं पत्र माझ्या हातातून परत घेतलं, उलटंपालटं करून बघितलं. अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं.

"असंलबी हा," ते म्हणाले. "रडलो व्हतो, असं छापायच्या कागदाला कोन लिवंल?"

नाईकांनी पत्राची घडी घातली आणि देव्हाऱ्यात, पदकाखाली ठेवली.

"रडत तर आमी दोघंबी व्हतो, मास्तर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "झेंड्याखाली म्या तरी कुठं सांगितलं?"